गाडी, मिस्त्री आणि कागद



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांचे निमंत्रण आले तेव्हा मी थोडा संकोचलो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ह्या परंपरेचा पाया घातला. तेव्हापासून विद्वानांनी व्यासपीठावरून बोलावे आणि आमच्यासारख्यांनी सतरंजीवर बसून ऐकावे, असा रिवाज पडला आहे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण अर्धे ह्याच शहरातल्या एका गॅरेजात, गाडीखाली उताणे पडून झाले, आणि अर्धे वाचनालयात. गेली तीस वर्षे कामगार संघटनेचे काम करतो आहे. मी चालकांना म्हणालो, "मला गाडी बिघडण्यावर बोलू द्या." ते म्हणाले, "अवश्य बोला. निम्म्या श्रोत्यांच्या दारात तोच विषय उभा आहे." (हशा)

विषय हसण्यासारखा वाटतो, पण ज्याची गाडी बिघडली आहे त्याला हसू येत नाही. आयुष्यात घर आणि लेकीचे लग्न सोडले, तर सामान्य माणसाचा सर्वांत मोठा खर्च गाडीवर होतो. तो बहुधा कर्ज काढून होतो. गाडी बंद पडली म्हणून हप्ता थांबत नाही. अशा वेळी माणूस शोरूमच्या काचेच्या दारात उभा राहतो आणि त्याला आपण किती लहान आहोत ह्याची जाणीव होते. त्याने काय करावे, एवढेच आज मला सांगावयाचे आहे. त्यात माझ्या हातून घडलेली एक चूकही सांगावयाची आहे.

आधी विश्वासू गाडी म्हणजे कोणती, ते पाहू. मी गॅरेजात लागलो ते १९८३ साली. त्या वेळी आमच्यापुढे तीन प्रकारच्या गाड्या येत. एक अ‍ॅम्बॅसेडर, दुसरी फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, आणि तिसरी जीप. पद्मिनी ही आपल्या महाराष्ट्रातलीच लेक. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. त्या काळी गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि मिळालेली गाडी कुरकुरत आली तरी तक्रार कोणाकडे करणार? एक गिऱ्हाईक रागावून गेले तर मागे शंभर उभे. गाड्यांच्या दर्जाबद्दल इतकी ओरड झाली की १९६७ साली केंद्र सरकारला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली.

त्या गाड्या वरचेवर बिघडत, हे खरेच. परंतु त्या कोठेही दुरुस्त होत. कार्बोरेटर तुंबला तर जिंतूर रस्त्यावरच्या लिंबाखाली तो उघडून, फुंकून, परत बसवता येई. त्यासाठी पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर पुरत. म्हणूनच मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी पद्मिनीला इतकी वर्षे सांभाळले. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथल्या रस्त्यावरून उतरली.

आजची गाडी पुष्कळ कमी बिघडते. पण बिघडली की ती आपल्या भाषेत बोलत नाही. डॅशबोर्डावर एक पिवळा दिवा लागतो. त्याचा अर्थ जाणणारे यंत्र कंपनीच्या वर्कशॉपात असते. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीचा हात आणि कान कितीही तयार असले, तरी ते यंत्र आणि अस्सल सुटा भाग त्याला मिळत नाही. तेव्हा विश्वासू गाडीची माझी व्याख्या अशी आहे: जिचा बिघाड वेळीच कळतो आणि जिची दुरुस्ती आपल्या आवाक्यात असते, ती गाडी विश्वासू. ह्यातला पहिला भाग कंपनीच्या हातात असतो. दुसरा पुष्कळसा आपल्या हातात असतो, असे माझे मत आहे. हे मत मला एका फजितीतून मिळाले.

आमच्या ओळखीचा एक ड्रायव्हर आहे. नाव सांगत नाही. पंधरा वर्षे दुसऱ्याची काळी-पिवळी चालवून त्याने २०२१ च्या दिवाळीत स्वतःची नवी गाडी घेतली. फायनान्स कंपनीचे कर्ज, पत्नीचे दागिने आणि मेव्हण्याकडून उसने, असा तिचा पाया. परभणी ते जिंतूर अशा तो रोज खेपा करी. २०२२ चा उन्हाळा सुरू झाला आणि गाडी तापू लागली. परभणीहून भरून निघाले, झरी ओलांडली, की तापमानाची सुई वर चढू लागे. बोरीपर्यंत पोहोचताना जीव मुठीत. गाडी थांबवावी, बॉनेट उघडून ठेवावे, प्रवाशांचे बोलणे खावे. रोज सकाळी पाहावे तर टाकीतले पाणी कमी झालेले.

गाडी वॉरंटीत होती. सर्व्हिस सेंटर दुसऱ्या जिल्ह्याच्या गावी. पहिल्या खेपेला त्याची अकरावीतली मुलगी बरोबर होती. तेथे एक कागद भरतात, त्याला जॉबकार्ड म्हणतात. लिहिणारा माणूस "जनरल चेकअप" असे लिहू लागला. मुलगी म्हणाली, "काका, आम्ही सांगतो तेच लिहा ना." तो म्हणाला, "तूच लिही." आणि तिने आपल्या अक्षरात लिहिले: "गाडी भरून दुपारी झरीच्या पुढे गेल्यावर सुई वर जाते. रोज पाणी कमी होते. खाली गळती दिसत नाही." पुढे ह्या तीन वाक्यांनीच त्या घराला तारले.

त्या दिवशी त्यांनी कूलंट भरले, रिकाम्या गाडीतून चक्कर मारली आणि "ओके" म्हणून गाडी दिली. पुढे आणखी चार खेपा झाल्या. प्रत्येक वेळी एक दिवसाची कमाई बुडाली. प्रत्येक वेळी कूलंट भरले गेले आणि कागदावर "जनरल चेकअप, तक्रार आढळली नाही" असा शेरा पडला. दरम्यान एका दुपारी भर रस्त्यात पाणी संपले, तेव्हा त्याने जवळच्या शेतातल्या बोअरचे पाणी भरले. दुसरे काय करणार? पण आपल्याकडचे बोअरचे पाणी जड. त्यातले क्षार तापल्यावर आतून पापुद्रा धरतात. ते पाणी रेडिएटरात घालू नये, हे गाडीच्या पुस्तकातही लिहिलेले असते. पाचव्या खेपेला सर्व्हिस सेंटरने तेच धरले: "तुम्ही बोअरचे पाणी घातले, आता वॉरंटी मिळणार नाही."

तेव्हा तो माझ्याकडे आला. आणि इथे माझी चूक सुरू होते.

मी संघटनेचा माणूस. मला एकच औषध ठाऊक. बारा-पंधरा माणसे घेतली आणि त्या वर्कशॉपाच्या दारात जाऊन बसलो. घोषणा झाल्या. व्यवस्थापक बाहेर आले आणि एका पोरसवदा मिस्त्रीकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्याने गाडी पाहिली. ह्यालाच विचारा." आणि मी, ज्याने जन्मभर कामगारांची बाजू घेतली, त्या पोराला सर्वांसमोर नाही नाही ते बोललो. तो खाली मान घालून उभा राहिला. गाडी दुरुस्त झाली नाही. मात्र महिन्याभरात त्या मुलाचे कंत्राट संपले आणि ते पुन्हा झाले नाही.

काही दिवसांनी तो मुलगा आमच्या कचेरीत आला. मला वाटले, भांडायला आला. पण तो शांतपणे म्हणाला, "दादा, त्या गाडीचं हेड खोलावं लागतंय, हे मी दुसऱ्या खेपेलाच बोललो होतो. वरून सांगितलं, पाणी भर आन् सोड." मी त्याला खुर्ची दिली आणि चहा सांगितला. त्याची क्षमा मागितली. पण क्षमेने पगार परत येत नाही, हे मला कोणी शिकवायला नको होते.

त्या दिवशी त्याने मला जे समजावून दिले, ते आपणांस सांगतो.

इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचे हेड ह्यांच्या मध्ये एक पातळ पत्रा असतो, त्याला हेड गॅस्केट म्हणतात. आत पेटणारा वायू आणि इंजिनाला थंड ठेवणारे पाणी एकमेकांत मिसळू न देणे हे त्याचे काम. तो एका जागी जरी फुटला, तरी वायू पाण्याच्या वाटेत शिरतो. बुडबुडे होतात आणि पाणी बाहेर ढकलले जाते. बाहेर गळती दिसत नाही, पण पाणी मात्र कमी होते. हा दोष भार पडल्यावर आणि इंजिन तापल्यावर दिसतो. सकाळच्या गारव्यात रिकामी गाडी दोन किलोमीटर फिरवली तर काहीच दिसत नाही. तपासण्याचे साधे मार्ग आहेत: पाण्याच्या वाटेला दाब देऊन तो टिकतो का पाहणे, किंवा टाकीतल्या वाफेची रसायनाने परीक्षा करणे. परंतु त्यासाठी गाडी नीट तापेपर्यंत चालवावी लागते आणि पुढे हेड उतरवावे लागते. त्यात दिवस मोडतो. वॉरंटीच्या कामाचे पैसे डीलरला कंपनीकडून मागावे लागतात. कंपनीने नाकारले तर खर्च डीलरच्या अंगावर. म्हणून पाणी भरून सोडणे सर्वांना सोयीचे होते, फक्त गाडीवाल्याला नव्हते.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या. आपण ज्याच्याशी बोलतो तो गाडी उघडत नाही, आणि जो गाडी उघडतो त्याच्याशी आपली गाठ पडत नाही. दोघांच्या मध्ये तो जॉबकार्डाचा कागद असतो. मिस्त्रीला दिसते ते तुमचे गाऱ्हाणे नव्हे, त्या कागदावरची ओळ. "जनरल चेकअप" लिहिले तर तो जनरल चेकअप करील. तेव्हा मिस्त्रीवर ओरडू नका. त्याच्या हातात चांगला कागद जाईल असे पाहा.

आमच्या एस.टी.त ड्रायव्हर गाडी आगारात लावताना तिचा दोष लिहून देतो. ब्रेक कोठे ओढतो, आवाज कोणत्या बाजूने येतो, हे त्याने नोंदवायचे आणि यांत्रिकाने त्यावर काम करायचे. तोंडी सांगितलेले दुसऱ्या पाळीला पोहोचत नाही, हे त्यांना अनुभवाने कळले आहे. तीच शिस्त आपण आपल्या गाडीला लावावी. बिघाड केव्हा होतो, किती वेळ चालवल्यावर, गाडी भरलेली की रिकामी, चढावर की सपाटीवर, ऊन किती, हे लिहावे. आपले निदान लिहू नये, लक्षण लिहावे. "गॅस्केट गेले" असे लिहिले तर ते वाद घालतील. "झरीच्या पुढे सुई वर जाते" ह्यावर वाद काय घालणार? शक्य तर सांगावे, "बरोबर बसा, मी दाखवतो." जॉबकार्डाची प्रत घ्यावी. काम झाल्यावर काय केले ते लिहून घ्यावे. बदललेला जुना भाग मागून घ्यावा. आणि बिलाशिवाय पैसे देऊ नयेत. बिल न देणे ही आता कायद्यानेच अनुचित व्यापारी प्रथा ठरली आहे.

आता त्या ड्रायव्हरचे पुढे काय झाले? आम्ही घोषणा सोडल्या आणि कागद धरला. रजिस्टर पोस्टाने कंपनीला आणि डीलरला नोटीस पाठवली: अमुक दिवशी परभणीत अमुक ठिकाणी आम्ही हेड उघडणार आहोत, आपला माणूस पाठवा. हे फार महत्त्वाचे. न कळवता गाडी दुसरीकडे उघडली की समोरचा म्हणतो, दोष तुमच्या मिस्त्रीने केला. कोणी आले नाही. हेड उघडले. गॅस्केट दोन सिलिंडरच्या मध्ये जळालेले निघाले. फोटो काढले, तुकडा जपून ठेवला, मिस्त्रीचे प्रतिज्ञापत्र घेतले, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो.

ह्या आयोगाबद्दल आपल्याकडे अकारण भीती आहे. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली आणि तो जुलै २०२० पासून अमलात आला. वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि दहा लाखांपर्यंत २०० रुपये आहे. वकील दिलाच पाहिजे असे नाही. शोरूम दुसऱ्या जिल्ह्यात असले तरी तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथे तक्रार करता येते. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. "आज या, उद्या या" ह्यात ही दोन वर्षे कशी निघून जातात ते कळत नाही.

समोरच्यांनी दोन मुद्दे काढले. पहिला असा: हा माणूस गाडी धंद्यासाठी वापरतो, तेव्हा तो ग्राहकच नव्हे. ह्याचे उत्तर कायद्यातच आहे. स्वतः राबून केवळ पोटासाठी वस्तू वापरणारा माणूस ग्राहकच असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात स्वतः रिक्षा चालवून पोट भरणाऱ्याचेच उदाहरण देऊन हे स्पष्ट केले आहे. मदतीला एक-दोन माणसे असली तरी बाध येत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक रिक्षावाल्याने आणि काळी-पिवळीवाल्याने हे पाठ करावे.

दुसरा मुद्दा बोअरच्या पाण्याचा. तो खोटा नव्हता, आणि आम्ही तो नाकारला नाही. पण आम्ही विचारले, पाणी घालावे का लागले? आधी काय झाले आणि नंतर काय? इथे त्या मुलीच्या हातचा पहिला कागद कामी आला. बोअरचे पाणी पडण्यापूर्वीच "रोज पाणी कमी होते" असे तेथे तारखेनिशी लिहिलेले होते, आणि त्याखाली त्यांच्याच माणसाची सही होती. पुढच्या चार कागदांवर मात्र काहीच नव्हते. ते चारही तसेच भरले असते तर?

निकाल २०२४ साली लागला. दुरुस्तीचा खर्च आणि त्रासाबद्दल थोडी भरपाई मिळाली. बुडालेल्या कमाईचे काही मिळाले नाही, कारण रोजच्या कमाईची वही आमच्या ड्रायव्हरने कधी ठेवली नव्हती. नवी गाडीही मिळाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका मोटारीच्या प्रकरणात सांगितले आहे की, दोष दुरुस्त होण्यासारखा असेल तर सगळी गाडी बदलून मागता येत नाही. उलट २००४ साली, केरळातल्या एका ग्राहकाच्या दाव्यात त्याच न्यायालयाने, सदोष गाडी नवी म्हणून विकणे लाजिरवाणे आहे, अशा शब्दांत प्रीमियर कंपनीची कानउघाडणी केली होती. तात्पर्य, न्याय मिळतो, पण तो आपण ठेवलेल्या कागदाएवढा मिळतो. तेव्हा मागणे बेताचे आणि पुरावा भक्कम ठेवावा. हा नियम कामगारांच्या मागण्यांनाही लागू आहे, हे मी अनुभवाने सांगतो.

आता शेवटचा मुद्दा. एकट्याने भांडून एक गाडी दुरुस्त होते. रीत दुरुस्त करायची तर अनेकांनी एकत्र यावे लागते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे अडीच हजार कोटी रुपये दंड ठोठावला. आरोप हाच की, सुटे भाग आणि तपासणीची यंत्रे त्या बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत आणि गिऱ्हाइकाला बांधून ठेवतात. पुढे अपिलात काही कंपन्यांचा दंड कमी झाला. पण कोपऱ्यावरच्या मिस्त्रीचा प्रश्न दिल्लीच्या दरबारात गेला, ही गोष्ट लहान नाही. एका गाडीवाल्याच्या तक्रारीतून ते प्रकरण उभे राहिले होते. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि एप्रिल २०२१ पासून नवे नियम आले. एकाच मॉडेलच्या पुरेशा मालकांनी सुरक्षिततेच्या एकाच दोषाची तक्रार नोंदवली, तर सरकार कंपनीला त्या सर्व गाड्या परत बोलावून दुरुस्त करावयास लावू शकते. म्हणजे माझी तक्रार ही माझ्यापुरती नसते. ती नोंदवली नाही तर मी शेजाऱ्याचेही नुकसान करतो.

बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, ती ग्राहक एकटा असतो हे ओळखूनच. आपण परभणीत एवढे तरी करू शकतो. स्टँडवर, शाळेच्या शिक्षकखोलीत, मोंढ्यात, जेथे चार गाडीवाले जमतात तेथे एक वही ठेवावी. कोणती गाडी, कोणता दोष, कितव्या किलोमीटरला, सर्व्हिस सेंटरने काय केले, एवढे लिहावे. वर्षभराने ती वही वाचली तर कोणती गाडी विश्वासू आणि कोणते वर्कशॉप विश्वासू, हे जाहिरातीपेक्षा जास्त खरे कळेल.

आणि त्या वहीत एक रकाना चांगल्या कामासाठी ठेवा. ज्या मिस्त्रीने दोष बरोबर शोधला, त्याचे नाव त्यात लिहा आणि त्याच्या मालकालाही कळवा. आपण तक्रार करताना मिस्त्रीचे नाव आठवणीने सांगतो आणि काम चांगले झाले की फक्त कंपनीचे नाव घेतो, हा अन्याय आहे.

तो मुलगा आज ह्याच शहरातल्या एका लहान गॅरेजात काम करतो. हात सोन्याचा आहे. पण तेथे ते तपासणीचे यंत्र नाही, आणि त्याचा पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. आमच्या ड्रायव्हरची गाडी आता त्याच्याकडेच जाते. गेल्या महिन्यात मी तेथे सहज गेलो होतो. भिंतीवर खिळ्याला एक वही टांगलेली दिसली. उघडून पाहिली तर प्रत्येक पानावर गाडीचा नंबर, गिऱ्हाइकाच्या तोंडची तक्रार आणि खाली काय केले ते लिहिलेले. मी विचारले, "हे कोणी सांगितले?" तो म्हणाला, "कोणी नाही, दादा. तेव्हा त्या पोरीचं अक्षर बघितलं होतं."

माझ्याजवळ ह्याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.